दिघोरीचा शनी

मी ग्रह दाखवते. लाखांदूरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर मी एकदा उत्साहाच्या भरात तसं लिहूनच लावलं होतं: ‘येथे ग्रह प्रत्यक्ष दाखवले जातात.’ आठवड्याच्या आत लोक पत्रिका घेऊन हजर. एका गृहस्थांना मी पडद्यावर मंगळ दाखवला, तांबडा, खड्ड्याखड्ड्यांचा. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा घरात कवा येते जी?” मी म्हटलं, हा कोणाच्या घरात येत नाही, आपल्या वाटेनं फिरत असतो. त्यांचा हिरमोड झाला. चहा घेतला आणि शेजारच्या गल्लीतल्या जोशीबुवांकडे गेले. तो बोर्ड मी उतरवला, पण ग्रह दाखवायचं काही सोडलं नाही.

माझं माहेर पवनीचं, विणकराचं घर. बाबा साडीच्या किनारीची नक्षी ग्राफ पेपरवर उतरवायचे. मोराची मान वळवायची तर कुठली चौकट भरायची आणि कुठली कोरी ठेवायची, हे आधी ठरवायचं. मी त्यांच्या शेजारी बसून चौकटी भरत मोठी झाले. पुढे कॉम्प्युटर शिकले तेव्हा कळलं की पडदाही चौकटींचाच बनलेला असतो, आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. लग्न होऊन लाखांदूरला आले, क्लास काढला, तालुक्यातल्या पोरापोरींना टायपिंगपासून प्रोग्रामिंगपर्यंत शिकवलं. अशाच एका जांभया देणाऱ्या बॅचला जागं ठेवायला मी पडद्यावर एक पिवळा गोळा काढला आणि त्याच्याभोवती एक निळा गोळा फिरवला. बॅच जागी झाली की नाही आठवत नाही. माझी झोप मात्र त्या दिवसापासून उडाली ती उडालीच.

लोकांना वाटतं यात फार मोठं गणित असेल. गणित आहे, पण भिण्यासारखं नाही. प्रत्येक ग्रहाला सांगावं लागतं, सूर्यापासून किती लांब राहायचं, केवढं दिसायचं आणि किती वेगानं फिरायचं. एवढं सांगितलं की तो निमूट फिरतो. शाळेतल्या पोरांपेक्षा ग्रह फार ऐकतात. खरी कसरत पुढे आहे. अंतरं आणि आकार खरेखुरे ठेवले तर पडद्यावर सूर्याचा एक ठिपका उरतो आणि बाकी सगळा अंधार. ग्रह शोधूनही सापडत नाहीत. ते दिसावेत म्हणून त्यांना फुगवायचं आणि जवळ ओढायचं. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यापासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत बहुतेक ठिकाणी हेच केलेलं असतं. आठही ग्रह पंगतीला बसल्यासारखे सूर्याच्या बाजूला दाटीवाटीनं बसलेले. मलाही तेच करावं लागायचं आणि दर वेळी ते डोळ्यांत खुपायचं.

लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि एक काळा पडदा घेऊन मी शाळाशाळांतून खेळ करत हिंडले. प्रत्येक खेळानंतर विचारायचे, यात अजून काय पाहिजे? आमच्याकडच्या माणसांना असं विचारायचाच अवकाश असतो. एका शेतकऱ्यानं थेट तक्रार केली, “मिरग लागला ते दाखवून राहिले, अन वाहन काहून नाई दाखवत? यंदा बेडूक हाये का म्हैस, हे समजाले नोको का?” पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन असतं आणि त्यावरून पाऊस कसा पडेल ते सांगतात. मी सूर्याच्या पाठीवर एक छोटा बेडूक बसवून दिला. शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी नाक मुरडलं. पण त्या बेडकाच्या ओढीनं गावचे कास्तकार खेळाला आले, आणि सूर्य मृगाच्या ताऱ्यांसमोर जातो तेव्हा मृग लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. बेडूक मी अजून ठेवलाय.

एका मुख्याध्यापकांनी विचारलं, सूर्याच्या जागी आमच्या संस्थापकांचा फोटो लावता येईल का? मी म्हटलं, येईल, पण मग बाकीच्या सगळ्यांना त्यांच्याभोवती फिरावं लागेल. ते शांतपणे म्हणाले, “ते तर आताही फिरतात.”

या सगळ्या सूचनांत जिनं मला खुर्चीतून उठवलं ती सूचना किरणची. किरण दिघोरीची, कधीकाळची माझी विद्यार्थिनी. बी.एस्सी. झालेली, आता गावातल्या बसथांब्याजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवते. वडील सुखरामभाऊ तलावात मासेमारी करतात. दिघोरीतला खेळ संपल्यावर मी नेहमीचं रडगाणं गात होते, की काय करणार, पडदा लहान पडतो. किरण वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “पडदा लहान पडते तं पडद्याबाहेर काढा ना ग्रह. सूर्य तुमच्या लाखांदुरात ठेवा मॅडम, अन पाहू बाकीचे कुठं जाऊन पडते ते.”

आम्ही तिथंच नकाशा उघडला. शेवटचा ग्रह नेपच्यून, तो कुठं न्यायचा? साकोलीच्या पलीकडे एकोडीला. मग मधल्या रस्त्यावर बाकीच्यांच्या जागा आपोआप ठरल्या. सूर्य निघाला लाखांदूरच्या पाण्याच्या टाकीएवढा उंच. बुध लिंबाएवढा, तो गावातच. शुक्र वेशीच्या अलीकडे, पृथ्वीहून किंचित लहान. पृथ्वी वेशीबाहेर, सोललेल्या नारळाएवढी, आणि तिच्यापासून चारपाच पावलांवर चंद्र, आवळ्याएवढा. मंगळ पृथ्वीच्या जरा पुढं, मोसंब्याएवढा. मग कितीतरी वेळ नुसती धानाची शेतं. गुरू दोन गावांच्या मधे एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. शनी बरोबर दिघोरीत. युरेनस साकोलीच्या अलीकडे.

आणि मग प्रकाशाचा हिशेब केला तर मी ओरडलेच. खरा प्रकाश सूर्याहून पृथ्वीवर यायला आठ मिनिटं घेतो. आमच्या रस्त्यावर तेवढ्या वेळात तो लाखांदूरच्या टाकीपासून वेशीबाहेरच्या नारळापर्यंत येणार, म्हणजे सायकलच्या वेगानं! किरण म्हणाली, “मंग एसटी प्रकाशाच्या पुढं जाते, मॅडम.” आमच्या एसटीला आजवर कोणी एवढा मान दिला नसेल. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढा आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नव्हता. मला जे पडद्यावर कधीच दाखवता आलं नव्हतं, ती मधली भलीमोठी रिकामी जागा, ती आमच्या लाखांदूर-साकोली रस्त्याला आयती मिळाली होती. धान पिकवणारी का असेना, पण रिकामी.

पुढचे महिने मी क्लास कमी आणि हाच उद्योग जास्त केला. बेत असा की त्या त्या जागी एक बोर्ड असेल. बोर्डावरची क्यूआर कोडची चौकट मोबाइलनं टिपायची, मोबाइल समोर धरायचा, की कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्याखुऱ्या शेतावर किंवा तलावावर तो ग्रह त्याच्या मापानं उभा दिसेल. त्याच्याभोवती चालत जाऊन मागची बाजूसुद्धा बघता येईल. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही त्यांच्यासाठी मी माझा टॅब स्टँडवर लावून देणार. ग्रामपंचायतींनी परवानग्या दिल्या. बोर्डावरचा मजकूर मी स्वतः लिहिला आणि त्याचा मला भारी अभिमान वाटला. दिघोरीचा बोर्ड किरणनं बसथांब्यालाच लावला, बसचं दार उघडतं बरोबर त्याच्यासमोर. मोठ्या अक्षरांत: ‘थांबा! तुम्ही आता शनीवर आहात.’

आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. आमच्या दोघींच्या नाही आलं. आम्हाला शनी म्हटलं की कडी दिसत होती.

किरणची सोयरीक ठरत होती. मुलगा एकोडीचा, प्रवीण नाव, मत्स्यबीज केंद्रात कामाला. किरण त्याला एकदा साकोलीत भेटली होती आणि मला फोनवर “बरा वाटला” म्हणाली होती. किरणचं बरा म्हणजे खूपच झालं. आधीच्या दोन सोयरिकी ‘पोट्टी जास्त शिकली’ म्हणून फिस्कटल्या होत्या, त्यामुळं सुखरामभाऊंचा जीव या सोयरिकीत अडकला होता. त्या दिवशी प्रवीण आणि त्याचा मामा पक्कं करायला एसटीनं आले. मामा आधी उतरले. समोर बोर्ड. त्यांनी तो वाचला, उतरणाऱ्या भाच्याचा हात धरला आणि त्याला घेऊन पुन्हा त्याच बसमध्ये चढले. बस पुढं निघून गेली. इकडे सुखरामभाऊंच्या घरी पोहे निवत होते. थोड्या वेळानं मामांचा फोन आला, की शनीच्या गावात आम्हाला सोयरीक करायची नाही.

मला हे सुखरामभाऊंनीच फोनवर सांगितलं. मी मिळेल त्या बसनं दिघोरी गाठली. किरणच्या केंद्रासमोर बायाबाप्ये जमले होते. एक बाई मला बघताच म्हणाल्या, “मॅडम, आमच्याबी घरी पोरी हायेत. साडेसाती आनून ठेवली तुमी गावात.” दुसऱ्या कोणी बोर्ड फाडायची भाषा केली. सुखरामभाऊ मात्र चिडले नाहीत, आणि तेच मला जड गेलं. ते हात जोडून म्हणाले, “मॅडम, मी अडानी मानूस. पन कॉम्प्युटर तं तुमचाच हाये ना जी? तो गुरू तिकडं बांधीत कायले उभा केला? तिथं कोनी राहत नाई. त्याले इकडं आना अन शनीले तिकडं बांधीत नेऊन टाका. पोरीच्या लग्नाले गुरूच लागते. एवढं करा, मी पाया पडतो तुमच्या.”

ही विनंती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दोन ओळींची अदलाबदल करायची होती फक्त. गुरूच्या जागेचे आकडे शनीला आणि शनीचे गुरूला. कोणाला कळणार होतं? पोरं खूश झाली असती, गाव खूश झालं असतं, एका बापाच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं. मी किरणच्या केंद्रात बसले, लॅपटॉप उघडला आणि खरं सांगते, आकडे बदलले. फक्त सेव्ह करायचं बाकी होतं.

किरण मागं उभी होती.

“मॅडम, बोर्ड बदलल्यानं गुरू इथं येनार हाये का?”

मी म्हटलं, “किरण, तुझ्या बाबांकडे बघ जरा.”

“बाबाकडं पाहूनच बोलून राहिली. एक माप खोटं लावलं का सगळीच माळ खोटी होते, हे तुमीच सांगतलं होतं. अन मामा आज एका बोर्डाले भेले. उद्या माह्या कशाकशाले भेतीन? मी केंद्रात बसते त्याले भेतीन, मी बोलते त्याले भेतीन. तवा काय काय हलवाचं आपून?”

सुखरामभाऊ दारात होते. ते म्हणाले, “अवं, पन लगन तुहं हाये ना!”

“माहं हाये म्हनूनच बोलून राहिली, बाबा.”

मी लॅपटॉप सेव्ह न करता बंद केला. पण नुसता बाणेदारपणा दाखवून काम भागणार नव्हतं. बाहेरच्या बाया खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या पोरींचा प्रश्न खरा होता. मी किरणला तेच विचारलं, जे प्रत्येक खेळानंतर लोकांना विचारते. यात अजून काय पाहिजे?

ती म्हणाली, “साडेसातीच टाका ना यात.”

मी उडालेच. इतकी वर्षं ही गोष्ट मला कशी सुचली नव्हती? शनीची सूर्याभोवती एक फेरी व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे प्रत्येक राशीसमोरून जायला त्याला अडीच वर्षं. तुमच्या आधीची रास, तुमची रास आणि नंतरची, मिळून साडेसात. साडेसाती ती हीच. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत बिचारा शनी सगळ्यात हळू चालतो म्हणून एवढा वेळ घेतो, बाकी त्यात काही नाही. पडद्यावर काळ पुढंमागं सरकवायची सोय माझ्या प्रोग्राममध्ये होतीच. त्यात राशी मांडायच्या, साल लिहायचं आणि शनीला सगळ्यांच्या दारावरून चालत न्यायचं. आम्ही त्या दिवसापासून कामाला लागलो. किरण दिघोरीतून, मी लाखांदुरातून, आणि फोन सतत चालू. त्या दिवसांत मी जणू पुन्हा पंचविशीची झाले होते. स्वयंपाक जळायचा, क्लासची पोरं ताटकळायची, आणि मी राशींचे पट्टे रंगवत बसायचे. कन्या राशीला मी पवनीची किनार दिली. बाबांनी पाहिली असती तर एखादी चौकट चुकली म्हणाले असते. ते हे बघायला नाहीत, याचं वाईट मला त्याच दिवसांत सगळ्यात जास्त वाटलं.

तयार झाल्यावर सुखरामभाऊंनी, किरणनं भरीस पाडलं म्हणून, प्रवीणच्या आईला निरोप धाडला: एकदा येऊन शनी पाहून जा, मग नाही म्हणा. मला वाटलं नव्हतं त्या येतील. पण त्या आल्या, नणंदेला सोबत घेऊन, अर्ध्या तिकिटात. बोर्डासमोरच उतरल्या. मान वर करून सगळा बोर्ड वाचला आणि विचारलं, “कुठं हाये?”

तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर, टॅब लावला होता. भर दुपार, निम्मं गाव जमलेलं. मी मुद्दाम मागं राहिले. दाखवायचं काम किरणचं होतं. प्रवीणच्या आईंनी पदर सावरला, वाकून टॅबमध्ये पाहिलं आणि एकदम डोकं काढून समोरच्या तलावाकडे पाहिलं. तिथं पाणीच होतं. पुन्हा टॅबमध्ये पाहिलं. तिथं पाण्याच्या वर, छातीभर उंचीचा, लोण्याच्या रंगाचा शनी अधांतरी उभा होता आणि त्याच्याभोवती ती कडी.

“ह्याची चुंबळ डोक्यावरून घसरून कमरेत अडकली व!” त्या म्हणाल्या. पाळीवरच्या साऱ्या बाया फिस्सकन हसल्या.

किरणनं सांगितलं, की ही कडी म्हणजे बर्फाचे तुकडे आहेत, धुळीएवढ्या कणांपासून घराएवढ्या धोंड्यांपर्यंत. आणि शनी दिसतो एवढा मोठा, पण आकाराच्या मानानं इतका हलका, की तेवढा मोठा तलाव असता तर तो बुडाला नसता, तरंगला असता.

“तरंगते?” सुखरामभाऊंनी मधेच विचारलं. हे त्यांनाही नवीन होतं. “एवढा धोंडा?”

“धोंडा नाई बाबा. बहुतेक हवाच हाये.”

“मंग याचा भार कोनावर पडते म्हनतेत?” प्रवीणच्या आई म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं, “माही रास वृषभ हाये. माह्यावरून गेला का हा?”

किरणनं काळ मागं सरकवला. शनी राशींच्या पट्ट्यांवरून उलटा चालत गेला आणि वृषभेच्या अलीकडे थांबला. वर सालं दिसत होती. मग ती त्याला हळूहळू पुढं नेऊ लागली. प्रवीणच्या आई सालं वाचत होत्या, ओठांनी. एका ठिकाणी त्यांनी हात उचलून थांबवलं.

“इथं थांब. या सालात माहा प्रवीण झाला.” त्यांनी शनीखालची रास वाचली. “हा माह्याच राशीत होता तवा. अन मले कोनी सांगतलं नाई.”

त्या सरळ झाल्या, डोळे पुसले आणि लाजल्याही. नणंदेला म्हणाल्या, “चाल, तू पन पाहून घे.” आणि सुखरामभाऊंकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, त्याच्या मामाचं मनावर घेऊ नोका. पोरगी आमाले पसंत हाये.”

सुखरामभाऊ नुसते मान हलवत राहिले. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण. पेढे कुठं मिळतील याचा मी विचारसुद्धा सुरू केला होता. तेवढ्यात किरण अगदी शांतपणे बोलली.

“मावशी, एक विचारू? मामांनी हात धरला, तं तुमच्या पोराले पाय नव्हते का?”

सुखरामभाऊंनी डोळे मिटून घेतले. प्रवीणच्या आईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत.

“हे मी कशी सांगू, पोरी? त्यालेच विचार.”

“मंग त्याहिनंच येऊन सांगावं.”

त्या आल्या तशा परतीच्या बसनं गेल्या. जाताना रागावल्या होत्या की नाही ते मला ओळखता आलं नाही. सुखरामभाऊ मला बसपर्यंत सोडायला आले आणि वाटेत एवढंच म्हणाले, “तुमी ग्रह दाखवाले शिकवलं मॅडम, आता तिले जरा आवराले पन शिकवा.” तिला आवरावं असं मला वाटत नव्हतं, आणि तिचं घर बसावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

मधल्या काळात एक गंमत झाली. साडेसाती बघता येते ही बातमी एसटीच्या वेगानं, म्हणजे प्रकाशाच्या पुढं, सगळीकडे पोहोचली. लोक बाजाराच्या दिवशी मुद्दाम दिघोरीला उतरायला लागले. म्हाताऱ्या बाया आपापल्या राशी घेऊन यायच्या आणि शनी कुठल्या सालात आला आणि कुठल्या सालात गेला ते पाहून जायच्या. तो जातो हे कळल्यावर बहुतेकींचे चेहरे सैल व्हायचे. ज्यांनी बोर्ड फाडायची भाषा केली होती तेच आता पाळीवर गर्दीला वळण लावत होते. गुरू ज्या बांधीत पडला होता तिच्या दोन्ही बाजूच्या गावांत मात्र तो कोणाचा यावरून भांडण लागलं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी नव्या नव्या कल्पनांनी नुसती फुगले होते. शनीचे चंद्र टाकायचे होते, एसटीत बसल्या बसल्या ‘आता तुम्ही मंगळ ओलांडला’ असं मोबाइलनं बोलायचं होतं, धूमकेतू सायकलवरून फिरवायचा होता. पण एकोडीहून फोन आला का, हे मात्र मी किरणला विचारत नव्हते. तीही सांगत नव्हती.

अशाच एका बाजाराच्या दिवशी मी दिघोरीला होते. पाळीवर टॅबसमोर रांग लागली होती आणि किरण एकेकाला शनी दाखवत होती. साकोलीकडून बस आली. एक तरुण उतरला, बोर्डासमोर थांबला आणि त्यानं तो सावकाश वाचला. मी त्याला ओळखत नव्हते. सुखरामभाऊंनी ओळखलं. ते हातातली माशांची टोपली तशीच खाली ठेवून धावले, “अरे या, या पाहुने, या इकडून,” असं म्हणत त्याला दंडाला धरून थेट टॅबपाशी आणायला लागले.

किरणनं मान वर केली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाली, “बाबा, त्याहिले रांगेतच राहू द्या.”

सुखरामभाऊ जागच्या जागी थबकले. प्रवीणनं मान हलवली, त्यांच्या हातातून हळूच दंड सोडवला आणि पाळीवरून मागं चालत गेला. रांगेच्या शेवटी मिरच्यांची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई होत्या, त्यांनी कोणत्या गावचा म्हणून विचारलं. एकोडीचा, तो म्हणाला, आणि त्यांच्या मागं उन्हात उभा राहिला. एकटाच आला होता.